टेंभुर्णीचं उपाशी रक्त

टेंभुर्णी, ११ नोव्हेंबर २०२५

हरिओम,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. आज डावा हात गळ्यात बांधलाय, डोक्याला सात टाके आहेत, आन् टाळकं असं तापलंय की तू समोर असतास तर आधी एक थोबाडीत खाल्ली असतीस. डॉक्टर असशील तुझ्या घरचा.

फोन तू उचलत न्हाईस. सतरा वेळा लावला. मंग माझा नंबरच बंद करून टाकलास. सख्ख्या मोठ्या बहिणीचा. म्हणून हे पत्र बंगळुरूला तुझ्या संस्थेच्या पत्त्यावर रजिस्टर करून राह्यले. सही देऊन घ्यावं लागतं, म्हणजे मिळालंच न्हाई असं म्हणायची सोय न्हाई.

गिरिजाबाई वारली. तुझ्या अभ्यासातली कार्ड नंबर एकोणीस. तू भाषणात पडद्यावर जिच्या टोचलेल्या बोटाचा फोटो दाखवतोस ना, तीच. शुक्रवारी सकाळी तुझ्या नव्या गोळ्यांतली गोळी गिळली आन् कापूस वेचायला गेली. नऊच्या सुमाराला सऱ्यांमध्येच घामानं चिंब झाली, जीभ जड पडली. बाया म्हणल्या ऊन लागलं. नोव्हेंबरात कसलं आलंय ऊन? सावलीत निजवून तोंडावर पाणी मारत बसल्या. तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला असता तर उठून बसली असती, पण हे त्यांना कुणी सांगितल्तं? गोळ्या वाटताना सांगायचं काम माझं होतं, आन् मी सांगितलं न्हाई. जाफराबादला नेईपर्यंत झटके आले, जीभ दातात सापडून तुटली, लुगडं रगतानं भरलं. तिथल्या डॉक्टरनं बोट टोचलं तर मशीनवर सत्तावीस. साखर उतरवायच्या गोळ्यांनी सगळीच उतरवली. त्यानं मला विचारलं, "या बाईला शुगर आहे हे कुणी ठरवलं?" 

रविवारी राख सावडली आन् तिथून तिचा पोरगा पुंजाराम सरळ माझ्या अंगणात आला. मी धुणं वाळत घालत होते. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. पातं काढून ठेवलं होतं, तेवढी मया केली त्यानं. "माही माय तुह्या गोळ्यायनं मेली," एवढंच म्हणाला. पहिला घाव मी हातावर झेलला. मनगट मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दुसरा डोक्यात बसला. डोळ्यांवर रगताची धार आल्ती, तरी तो दिसत होता. मारता मारता तो लहान लेकरासारखा हुंदके देत होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्या राधेश्यामनं मागून कमरेला मिठी मारून त्याला ओढला, न्हाईतर तिसऱ्यात माझा कारभार आटोपला होता.

पोलीस जमादार दवाखान्यात आला. मी लिहून दिलं, पायरीवरून पडले. तो म्हणाला, "बाई, तुमच्या घराला पायऱ्या किती?" मी म्हणलं, "तीन." त्यानं वही मिटली.

मी खोटं का बोलले ते तुला बराबर माहीत आहे.

टेंभुर्णीच्या एक्केचाळीस बायांच्या गोळ्या मी घरोघर फिरून गोळा केल्या आन् संडासच्या खड्ड्यात टाकल्या. मोडका हात घेऊन फिरले. पण शहागडला आन् बदनापूरला तुझी माणसं निराळी, ती माझं ऐकत न्हाईत. म्हणतात, सरांचा निरोप आल्याबिगर बंद करता येत न्हाई. तिथं अडीचशे बाया रोज सकाळी तीच गोळी घेऊन राह्यल्यात. तू एक निरोप धाड. जल्दी धाड. मला दुसरं काही नको.

दैवशाला


टेंभुर्णी, २४ नोव्हेंबर

हरिओम,

राधेश्यामच्या दुकानावर फोन केलास, बरं केलंस. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती म्हणून मी गप ऐकलं. आता ऐकायची पाळी तुझी.

तू म्हणालास, "आक्का, भावना बाजूला ठेव." ठेवल्या. तू म्हणालास, एका मृत्यूवरून अभ्यास थांबत न्हाई, अभ्यासावर नजर ठेवायला कमिटी आहे, कमिटी बघंल. आन् शेवटी हळूच म्हणालास, "चौकशी लागली तर आधी तू अडकशील. फॉर्मवर सही तुझी आहे." वा रे पठ्ठ्या! तुला अंगाखांद्यावर वाढवला, तुझ्या शिक्षणापायी मी दहावीवर थांबले, आन् तू मला माझ्याच सहीची भीती घालतोस?

ऐकताना आणखी एक कळलं. गोळ्या बंद करणार का, याचं उत्तर तू दिलंच न्हाईस.

फोन ठेवला आन् राधेश्यामला म्हणलं, कॉम्प्युटरवर आमच्या हरिओमचं नाव काढ. निघालं. तुझे लेख एकशे बारा. सगळ्यात वर तोच टेंभुर्णीचा लेख, त्याच्यापुढं दोन हजार तीनशे एकेचाळीस. हा आकडा मला नवा न्हाई. दर दिवाळीला फोनवर सांगायचास, आक्का, पाचशे झाले, आक्का, हजार झाले, एवढ्या शास्त्रज्ञांनी आपल्या लिखाणात माझ्या लेखाचा दाखला दिलाय. मी पेढे वाटायचे. एकदा मी विचारल्तं, यातला कुणी टेंभुर्णीला येऊन गेला का रे? तू हसलास. अगं, तसं यावं लागत न्हाई, लिहिलेलं वाचून लिहितात. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

राधेश्यामनं तो लेख मराठीत करून वाचून दाखवला. मला सगळा समजला, कारण त्यातलं रक्त मी काढलंय. तू लिहिलंस, मराठवाड्यातल्या शेतकरी बाया अंगानं वाळक्या, पोटाला अर्ध्या उपाशी, तरी सकाळी अन्नाचा कण पोटात नसताना त्यांच्या रक्तात साखर चढलेली सापडती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली तर ती चांगली येती. दोन्ही एकदम कसं? तर म्हणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भुकेनं यांचं यकृत शहाणं झालंय, पहाटे उठून रक्तात साखर सोडतं. केवढा शोध! जगभर लोकांनी त्यावर लेख लिहिले, उंदरांची यकृतं चिरली. आन् तू लिहिलंस, ही पहाटेची साखर पुढं घात करती, ती वेळीच गोळीनं उतरवली पाहिजे. म्हणून या गोळ्या.

आपल्या घरात तुझा तो काचेचा मानाचा शंकू ठेवला होता ना, इंग्रजीत नाव कोरलेला? लेख ऐकून घरी आले आन् त्याला पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडला. एका हातानं. तीन घाव लागले. काच पायात घुसली तरी बरं वाटलं.

आता ऐक, दहा वर्षांमागं त्या लेखासाठी बाया पहाटे माझ्या दारात येत होत्या तेव्हा काय होत होतं. जानेवारीतली थंडी. वस्तीवरून दीड-दोन कोस चालत यायच्या, ओठ निळे, बोटं बर्फ. बोट पिळलं तरी थेंब येईना. दारात आलेली बाई, त्यात माझ्या भावाच्या कामाला आलेली, तिला कोरडी कशी बसवू? मी आधी चहा ठेवायची. चांगला कडक, आपल्याकडं पितात तसा गोडमिट्ट. एकेक बाई दोन-दोन कप प्यायची. हातपाय ऊब धरायचे, मंग वीस मिनिटांनी नंबर लागायचा, थेंब टपकन यायचा. फॉर्मवर लिहिलं होतं, रात्री आठनंतर काही खाल्लं का? मी विचारायची. त्या म्हणायच्या, न्हाई बाई. शंभर टक्के खरं बोलायच्या. आमच्याकडं चहाला खाणं कोण म्हणतं? उपासाला चालतो, तपासणीला का चालायचा न्हाई? मी न्हाईवर खूण करायची आन् खाली सही ठोकायची.

सहाशे बाया, हरिओम. सहाशे सह्या. तुझ्या यकृताचा शहाणपणा माझ्या पातेल्यात उकळत होता. दोन हजार तीनशे एकेचाळीस लोकांनी तुझं नाव लिहिलं, पण माझी चूल एकानंही बघितली न्हाई.

आता तरी निरोप धाड.

आक्का


टेंभुर्णी, ९ डिसेंबर

हरिओम,

तुझं पाकीट मिळालं. आत तुझी चिठ्ठी: "चहाचं मला आजच कळतंय. धक्का बसला. तू हे कुणाला बोलू नकोस, मी बघतो."

आजच कळतंय? माझ्या उजव्या पायाचं पाऊल बघायला ये. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी चुरगाळलेल्या कागदासारखी झाली आहे, दहा वर्षं झाली. तुला धक्का बसायला मी तुला पायच पोस्टानं पाठवला पाहिजे.

तुझी विद्यार्थिनी अर्पिता. त्या पहिल्या अभ्यासाच्या तिसऱ्या महिन्यात इथं आल्ती. पहिल्याच पहाटे चुलीवरचं पातेलं बघून पोरगी पांढरीफटक पडली. तिनं स्वतःचं बोट टोचलं, चौऱ्याऐंशी. माझ्या हातचा चहा घेतला, अर्ध्या तासानं परत टोचलं, एकशे एकोणचाळीस. तिनं तुला त्याच दिवशी कळवलं. दुसऱ्या दिवशी तू गाडी घेऊन हजर. बाया ओसरीत बसल्या होत्या. तू सरळ चुलीवर लाथ मारलीस. उकळतं पातेलं माझ्या पायावर. मी किंचाळले, बाया पळाल्या, गिरिजाबाई तेवढी माघारी आली आन् तिनं माझ्या पायावर माठ उपडा केला. तू काय केलंस? तू अर्पिताच्या हातातली आकड्यांची वही हिसकून घेतलीस. ती देईना तर तिचे दंड पिरगाळलेस, भिंतीवर ढकललीस. तिच्या कपाळाला खोक पडली. महिन्याभरात तिला कामावरून काढलीस आन् गावात सांगितलंस, पोरगी आळशी होती.

पुढचे तीन महिने चहा बंद होता. साखर काय झाली? उतरली. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद, सगळ्या बाया ठणठणीत. त्या आकड्यांचं तू काय केलंस ते राधेश्यामनं लेखातून शोधून दाखवलं: दुसऱ्या फेरीचं मशीन बिघडलेलं असल्यानं आकडे वगळले. मशीन मी सांभाळत होते. बिलकुल बिघडलं नव्हतं.

आता शहागडचं सांगते. काल सकाळी तिथली मीना पडली. हायवेवर नवरा-बायकोचं भज्याचं हॉटेल आहे, ट्रकवाले थांबतात. तुझी गोळी घेऊन सकाळी कढईपुढं उभी राहिली. हात थरथरायला लागले, डोळे फिरले, आन् पुढं कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या तेलात. नवऱ्यानं ओढून काढली तेव्हा बांगड्यांखाली मांस सुटलं होतं. एका ट्रकवाल्याच्या घरात शुगरचं माणूस होतं, त्यानं तिच्या गालात साखर कोंबली, म्हणून जीव राहिला. हात राहील का न्हाई सांगता येत न्हाई. वय अठ्ठावीस, पदरात दोन लेकरं.

मी तुझ्या शहागडच्या माणसाला फोन केला. म्हणलं, भडव्या, आता तरी थांबव! डोकं फुटलं त्या दिवसापासून मी अशीच बोलून राह्यले, सवय कर. तो म्हणाला, "मॅडम, सरांनी सांगितलंय, हॉटेलातला अपघात आहे. गोळ्या चालू ठेवा." म्हणजे तुला कळलं, तू ऐकलंस, आन् चालू ठेवा म्हणालास.

मी सकाळी राधेश्यामकडं परत आकडा बघितला. दोन हजार तीनशे अठ्ठावन्न. गिरिजाबाई जळाल्यावरही पंधरा दिवसांत सतरा वाढले.

लहानपणी तू खोटं बोललास की मी वेताच्या छडीनं झोडपायची आन् मंग स्वतःच रडायची. एखादी छडी कमी पडली, आता वाटतं.

तू एकवीस तारखेला सत्काराला जालन्याला येणार, पत्रिका मला गावातच बघायला मिळाली. बहिणीला बोलावलं न्हाईस. त्याच्या आत निरोप गेला न्हाई तर मला जे करावं वाटंल ते मी करीन, मंग मला दोष देऊ नको.

आक्का


जालना, २१ डिसेंबर, दुपारी साडेबारा

हरिओम,

हे पत्र पोस्टानं आलेलं न्हाई. ज्यानं तुझ्या हातात दिलं तो दारात उभा आहे. खोलीचं दार त्यानं आतून लावून घेतलं असंल. तो पुंजाराम. गिरिजाबाईचा पोरगा.

घाबरून फोनकडं हात नेऊ नको. आधी शेवटपर्यंत वाच, घाई केलीस तर त्यालाही घाई होईल.

तुझा निरोप गेला न्हाई. परवा बदनापूरला तिसरी बाई पडली, शुद्धीवर आली पण अजून बोबडं बोलती. तेव्हा मी पुंजारामच्या घरी गेले. सगळं सांगितलं. चहा, सह्या, पाऊल, मशीन. आन् जे मी तुला तीन पत्रांत लिहिलं न्हाई, स्वतःलाही मोठ्यानं म्हणले न्हाई, तेही त्याला सांगितलं. या मार्चमध्ये, नव्या अभ्यासाच्या आधी तुझा फोन आल्ता. किती गोड बोललास. म्हणालास, "आक्का, बाया लांबून येतात गं, थंडीवाऱ्याच्या. त्यांना चहा देत जा, माणुसकी म्हणून. शहागड-बदनापूरलाही मी सांगितलंय." मार्चमध्ये कसली थंडी, हरिओम? मी एका क्षणात समजले. तुला आकडे चढलेले पाहिजे होते, न्हाईतर गोळीला बाया सापडल्या नसत्या आन् पहिला लेख तोंडावर पडला असता. मी समजले, आन् मी पातेलं चुलीवर ठेवलं. माझा भाऊ मोठा राहावा म्हणून. गिरिजाबाईनं दोन कप घेतले. म्हणाली, दैवशाला, चहा तुझ्याच हातचा. तिच्या फॉर्मवर मीच सही केली.

हे ऐकल्यावर पुंजारामनं माझा गळा धरला. दोन्ही हातांनी. माझ्या डोळ्यांपुढं काळं झालं, मी सोड म्हणलं न्हाई. मंग त्यानं आपणच सोडलं आन् स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटायला लागला. रगत निघेपर्यंत. मी त्याला धरलं तर मला झिडकारलं. बाहीनं कपाळ पुसलं. मंग विचारलं, "तो कवा येतो?" मी तारीख सांगितली. हॉटेल सांगितलं. खोली मी खाली काउंटरवर विचारून घेतली, सरांची बहीण म्हणून. सगळ्यांनी नमस्कार केला मला.

पाकिटात दोन कागद आहेत. अर्पितानं इंग्रजीत लिहून दिलेत, ती आता छत्रपती संभाजीनगरला शिकवती, कपाळावरची खूण अजून आहे. पहिला कागद तुझ्या कमिटीला आन् शहागड-बदनापूरच्या माणसांना: गोळ्या आजपासून बंद, बायांच्या तपासण्या मुळातच खोट्या होत्या. दुसरा ज्या मासिकात तुझा लेख आलाय त्यांना: आकडे उपाशी रक्ताचे नव्हते, मला माहीत होतं, लेख मागं घेतो. दोन्ही कागदांच्या तळाला माझी सही आधीच आहे, माझा गुन्हाही लिहिलाय. मला जेलात टाकायचं तर टाकू दे. माझ्या सहीशेजारी जागा सोडली आहे.

मला माहीत आहे, तुझा जीव त्या आकड्यात आहे. लेख गेला की सगळ्या जगात नाव जाईल, आज संध्याकाळचा हार जाईल, संस्था जाईल. रडशील. मलाही रडू येऊन राह्यलंय, मी तुला पाठीवर घेऊन शाळेत नेलाय रे. पण उद्या सकाळी अडीचशे बाया उठणार आन् पाण्याबरोबर ती गोळी गिळणार.

पुंजारामची पिशवी मी इथं खाली येऊन तपासली. खिसेही तपासले. काही न्हाई. हात तपासून काय करू, त्याच हातांनी माझं मनगट मोडलंय. त्यानं मला वचन दिलंय की सह्या झाल्या तर तो तुला बोट लावणार न्हाई, कागद घेऊन खाली येईल. सह्या झाल्या न्हाईत तर काय, हे मी त्याला विचारलं न्हाई. तूही विचारू नको.

त्याच्याशी इंग्रजीत बोलू नको. सॉरी म्हणू नको. कमिटीचं नाव तर बिलकुल काढू नको. पेन तुझ्या खिशात कायम असतो.

मी जिन्याच्या तळाला बाकड्यावर बसलेय. तू ओरडलास तर इथं बराबर ऐकू येतं, मघाशी वरच्या मजल्यावरचं माणूस खोकलेलंही ऐकू आलं. ओरड, हाका मार, आक्का म्हण. दोन कागद खाली आल्याशिवाय मी जिना चढणार न्हाई.

दैवशाला